दिनविशेषातली विठाबाई

पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगाव मागे पडले, की आळेफाटा येण्यापूर्वी पिंपळवंडी लागते. या पट्ट्यातील गावांत शाळेच्या दर्शनी भिंतीवर एक फळा असतो. सकाळच्या प्रार्थनेपूर्वी त्यावर वरच्या ओळीत सुविचार आणि खालच्या ओळीत दिनविशेष लिहिला जातो. कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी, असा तो वर्षभराचा क्रम असतो. जुन्नर तालुक्याला स्वतःच्या थोरामोठ्यांची वाण नाही. शिवनेरीवर शिवजन्म झाला, ओतूरला तुकोबांचे गुरू मानले गेलेल्या बाबाजी चैतन्यांची समाधी आहे आणि आळ्याला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले त्या रेड्याची. याच मालिकेत १५ जानेवारी या तारखेसमोर एक वेगळ्या जातकुळीचे नाव येते, तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर यांचे. २००२ साली या दिवशी त्यांचे निधन झाले.

विचारवंतांची किंवा साहित्यिकांची तारीख असली, की फळ्याच्या दोन्ही ओळी सहज भरतात. त्यांच्या लेखनातून एखादे वाक्य उचलले, की सुविचाराची सोय होते. विठाबाईंच्या दिवशी मात्र खालची ओळ भरते आणि वरची ओळ दुसऱ्याकडून उसनी आणावी लागते. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, व्यासपीठावरून उपदेश केला नाही. त्यांचे सारे सांगणे ढोलकीच्या तालावर, रात्री, हजारोंच्या समोर झाले आणि पहाटेबरोबर विरून गेले. मग सुविचाराच्या जागी त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग सांगितला जातो. तो महाराष्ट्राला पाठ आहे.

दिवस भरलेले असताना विठाबाई फडावर उभ्या होत्या. खेळ रंगात आला असताना त्यांना कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, रंगमंचामागे बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि लुगडे सावरून पुन्हा नाचायला बाहेर आल्या. थोड्या वेळापूर्वी दिसणारे पोट आता दिसत नाही, हे प्रेक्षकांच्या ध्यानात आले. काय घडले ते कळल्यावर त्यांनीच खेळ थांबवायला लावला, असे सांगितले जाते.

हा प्रसंग ऐकणारा थक्क होतो आणि ते स्वाभाविक आहे. कलेवरची निष्ठा, जिद्द, धैर्य असे मोठे शब्द त्याला सहज चिकटतात. पण त्यात एक अडचणीचा प्रश्न दडलेला आहे आणि प्रेरणेसाठी ही कथा सांगणारे सहसा त्याला बगल देतात. दिवस भरलेली बाई त्या रात्री फडावर का उभी होती? निष्ठा हे त्याचे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे शोधायचे, तर विठाबाईंचे घराणे, त्यांचे गाव आणि तमाशाच्या फडाचा जमाखर्च यांच्याकडे वळावे लागते.

सुरुवात नावापासूनच करावी. तमाशाच्या पाट्यांवर त्यांचे नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर असे झळकत असे. घराण्याचे आडनाव खुडे. ते पाटीवर आले नाही, सासरचे नावही आले नाही. आले ते पाळण्यातले नाव, बापाचे नाव, जातीचे नाव आणि गावाचे नाव. स्वातंत्र्यापूर्वीच्या आणि नंतरच्याही महाराष्ट्रात मातंग समाजातील कलावंताला गावाच्या वेशीत कोठे थांबायचे हे कोणी तरी सांगत असे. त्याच कलावंताच्या नावाची पाटी जातीसकट चौकात लागत असे आणि ती पाहून चार गावांची माणसे बैलगाड्या जुंपत. विठाबाईंनी हे नाव आयुष्यभर जसेच्या तसे वागवले. त्यात अभिमान किती होता आणि रूढी किती होती, हे आज वेगळे करून सांगणे कठीण आहे. मात्र त्या नावाने सुपारी मिळत असे, हे निश्चित.

त्यांचे आजोबा नारायण खुडे यांनी कुटुंबाचा फड उभा केला. नारायणरावांची मुले भाऊ आणि बापू यांनी तो नावारूपाला आणला. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा तमाशा म्हणजे चोख ढोलकी, चढा सूर आणि हजरजबाबी बतावणी, असा लौकिक झाला. फड मुक्कामामागून मुक्काम करीत फिरत असताना जुलै १९३५ मध्ये पंढरपुरात भाऊंना मुलगी झाली. विठोबाच्या गावी जन्मली म्हणून तिचे नाव विठा ठेवले. ज्या देवाच्या देवळाची दारे त्या काळी तिच्या समाजाला बंद होती, त्याचेच हे नाव. साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले होण्यास १९४७ साल उजाडावे लागले. तोवर विठा बारा वर्षांची होत आली होती.

फडावर जन्मलेल्या मुलांना शिकवणी लागत नाही. बाप गण म्हणतो, चुलता हलगी वाजवतो, कोणी घुंगरू बांधत असते, कोणी मावशीचे लुगडे नेसत असते. रात्रभर जागणाऱ्या त्या घरात विठाने लावणी, गौळण आणि भेदिक कवने ऐकतच उचलली. रीतसर गुरूकडे बसून तिने काही घेतले नाही. अंगात नाच होता आणि गळ्यात धार होती. पुढे तिच्याविषयी जाणकार जे बोलत राहिले ते हेच, की नाचणाऱ्या पुष्कळ असतात आणि गाणाऱ्याही पुष्कळ असतात. नाचताना दम न लागता गाणारी आणि गाताना अदा न सोडणारी क्वचित सापडते.

ढोलकीच्या फडावर बाईने उभे राहणे ही त्या काळी फार जुनी गोष्ट नव्हती. पेशवाईपासून चालत आलेल्या तमाशात स्त्रीचे सोंग नाच्या पोऱ्या घेत असे. पठ्ठे बापूराव यांच्याबरोबर संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील पवळाबाई फडावर उभ्या राहिल्या आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हे चित्र पालटले. हिवरगाव पावसा आणि नारायणगाव ही दोन्ही गावे याच नाशिक रस्त्यावर आहेत. मधे पिंपळवंडी, आळेफाटा, मग घाट, की संगमनेरचा मुलूख. महाराष्ट्राच्या तमाशातील दोन थोर स्त्रिया एकाच रस्त्याच्या कडेने निघाव्यात, हा योगायोग असेल. पण पुणे, नगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांच्या जत्रा या रस्त्यावरून गाठता येतात आणि फडाच्या गाड्यांना तेच हवे असते, हेही विसरता येत नाही.

विठा ऐन उमेदीत येत होती, त्याच सुमारास तमाशावर मोठे गंडांतर आले. बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने १९४८ च्या सुमारास अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी घातली. शेकडो कलावंतांच्या चुली विझण्याची वेळ आली. त्यांनी दाद मागितली, दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि सुधारणेच्या अटीवर तमाशा पुन्हा सुरू झाला. पुढे वगाची संहिता लिहून परिनिरीक्षणासाठी सादर करणे बंधनकारक झाले. ज्या कलेचा जीव ऐनवेळच्या बोलण्यात होता, तिला कागदावर उतरावे लागले. तमाशाचे लोकनाट्य झाले ते याच वळणावर. फडांच्या नावांपुढे लोकनाट्य तमाशा मंडळ असे लागू लागले. शहरी मध्यमवर्गाने शब्द बदलून कलेला घरात घेतले, असे म्हणता येईल. कलावंताला मात्र अजून ओसरीवरच बसवले होते.

एका रात्रीच्या खेळाची बांधणी जुन्या वाचकांना ठाऊक आहे. नव्यांसाठी थोडक्यात सांगायला हवी. ढोलकी, हलगी आणि तुणतुण्याच्या सलामीनंतर गण होतो, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची थोराड मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा पेंद्या. येथे देवाची थट्टा चालते आणि देवाला ती आवडते, असा सार्वत्रिक समज असतो. त्यानंतर बतावणी आणि रंगबाजी. रंगबाजीत लावण्या होतात, फर्माईशी होतात, दौलतजादा होते. मध्यरात्रीनंतर वग उभा राहतो, तो पहाटेपर्यंत चालतो. ऐतिहासिक, पौराणिक किंवा रोजच्या जगण्यातले कथानक, मधूनमधून सोंगाड्याची कोपरखळी आणि शेवटाला सत्याचा जय.

या साऱ्यात नायिकेला उसंत नसते. गौळणीत तीच राधा, रंगबाजीत तीच लावणी गाणारी आणि वगात तीच राणी किंवा सोसणारी सून. ढोलकीफडाची लावणी उभ्याने होते. संगीतबारीतील बैठकीच्या लावणीत मोजक्या रसिकांसमोर भुवईच्या हालचालीने अर्थ सांगता येतो. उघड्या माळावर चार-पाच हजारांच्या गर्दीत शेवटच्या माणसाला भुवई दिसत नाही. तेथे पायाचा ठेका आणि गळ्याचा पल्ला लागतो. ध्वनिक्षेपक आले तरी विजेचा भरवसा नव्हता, गॅसबत्त्यांच्या उजेडात खेळ होत. अशा माळांवर विठाबाईंनी आपले नाव केले. रात्री सात-आठ तास पायांवर, पहाटे गाडीत, दुपारी पुढच्या गावात कनातीच्या सावलीला झोप आणि दिवेलागणीला पुन्हा तोंडाला रंग. हा क्रम दसऱ्याला सुरू होई आणि वैशाखात संपे.

आता जमाखर्च. तमाशाला दोन तऱ्हेने पैसा मिळतो. गावच्या जत्रेची पंच मंडळी ठरावीक रकमेला फड ठरवतात, ती सुपारी. जत्रा नसलेल्या दिवसांत फड आपल्या जोखमीवर कनात ठोकतो आणि तिकीट लावतो. सुपारी ठरवण्याची जागा म्हणजे नारायणगाव. पाडव्याच्या सुमारास रस्त्यालगत फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीवर फडाचे नाव आणि नायिकेचे चित्र असलेला फलक, आत फडाचा व्यवस्थापक, समोर तारखांची वही. गावोगावचे पंच राहुट्यांमधून हिंडतात, नायिका कोण, वग कोणता, माणसे किती याची चौकशी करतात आणि घासाघीस करून इसार देतात. चैत्र-वैशाखात एकाच तिथीला शंभर गावांची जत्रा असते, त्यामुळे त्या तिथीचा भाव चढतो. या गावात टोमॅटोचा मोठा बाजार भरतो आणि जवळच खोडदला दूरच्या ताऱ्यांचे रेडिओ संदेश टिपणारी महाकाय दुर्बीण आहे. परंतु तमाशाची पंढरी हे बिरुद त्या दोहोंपेक्षा जुने.

पिंपळवंडीसारख्या गावाला ही बाजारपेठ हाकेच्या अंतरावर. चैत्र सुरू झाला, की जत्रेसाठी कोणता फड आणायचा यावर पारावर वाद झडतात आणि त्यात गावाची अब्रू पणाला लागल्यासारखी होते. शेजारच्या गावाने अमुक नायिकेचा फड आणला, मग आपण मागे का? या ईर्ष्येवर फडांचा संसार चालत आला आहे.

हा संसार मोठा असतो. कलावंत, वादक, आचारी, कनात ठोकणारे बिगारी आणि गाड्यांचे चालक मिळून शंभराच्या घरात माणसे. पावसाळ्यात खेळ बंद, पण पोटे बंद होत नाहीत. त्या चार महिन्यांत कलावंत पुढच्या हंगामाच्या मेहनतान्यापोटी मालकाकडून आगाऊ रक्कम घेतात, तिला उचल म्हणतात. मालकाकडे तरी रोकड कोठली? तो सावकाराकडून व्याजाने आणतो. दसऱ्याला गाड्या निघतात तेव्हा फडाच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर असतो आणि हंगामातील प्रत्येक रात्र त्यातील एक-एक दगड उतरवण्यासाठी असते. अवकाळी पाऊस आला, रात्र गेली. एखाद्या गावात दंगल झाली, रात्र गेली. नायिका उभी राहिली नाही, तर रात्र जातेच, वर कनात फाटते. पैसे देऊन आत आलेला प्रेक्षक फलकावरचे नाव पाहून आलेला असतो. ते नाव समोर आले नाही, की दगड पडतात, खांब उपटले जातात, प्रसंगी आग लागते. तमाशावाल्यांना याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

बाळंतपणाची ती रात्र या वहीसमोर ठेवून पाहिली पाहिजे. दिवस भरले असताना विठाबाई घरी राहिल्या असत्या, तर फलकावरचे नाव घरी राहिले असते. शंभर माणसांचा त्या दिवसाचा शिधा, सावकाराचा हप्ता, पुढच्या गावाला दिलेला शब्द, सारेच त्या एका नावावर उभे होते. बाळंतपणाची रजा नावाची गोष्ट गिरणीतील बाईला कायद्याने मिळू लागली होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला होता आणि १९६१ मध्ये तो देशभरासाठी आला. कनातीतील बाई कोणत्याही कायद्यात बसत नव्हती. ती स्वतःच मालकीण होती आणि स्वतःच मजूर होती. नाळ तोडायला दगड हाती घ्यावा लागला, कारण तेथे सुईण नव्हती, ब्लेड नव्हते, उकळलेले पाणी नव्हते. आत बाई बाळंत होत असताना बाहेर ढोलकी चालू ठेवावी लागली, कारण ढोलकी थांबली असती तर गर्दी उठली असती. जिद्द यात होतीच. पण जिद्दीखेरीज दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता, हे त्या प्रसंगाचे भीषण अंग आहे. शाळेत ही गोष्ट सांगताना दगडाचे कौतुक होते. तो दगड का लागला, हे मुलांनी विचारले तर उत्तर द्यायची तयारी हवी.

प्रेक्षकांच्या वागण्यालाही येथे न्याय द्यायला हवा. एरवी शिट्ट्या मारणारी, फेटे उडवणारी, वेळी कनात फाडणारी ती गर्दी त्या रात्री उठून उभी राहिली आणि खेळ बंद करा म्हणाली, असे सांगतात. तमाशाचा प्रेक्षक हा शहरी लेखकांनी बराच रंगवलेला प्राणी आहे; बहुधा गावंढळ आणि आंबटशौकीन असा. या एका आठवणीत तो वेगळा दिसतो.

विठाबाईंचे नाव एव्हाना तालुक्या-जिल्ह्याबाहेर गेले होते. मुंबईत गिरणगाव हे तमाशाचे दुसरे घर होते. लालबागच्या न्यू हनुमान थिएटरसारख्या जागी घाटावरून आलेले कामगार आपल्या गावचा सूर ऐकायला येत. जुन्नर-आंबेगावातील माणसे तेव्हा मोठ्या संख्येने मुंबईत होती आणि नारायणगावकरांचा फड आला म्हणजे त्यांच्या दृष्टीने गावचा एसटी स्टँडच मुंबईत येत असे. १९५७ मध्ये राष्ट्रपतींकडून विठाबाईंचा गौरव झाला तेव्हा त्या अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात त्यांनी सीमेवरील जवानांसमोर कार्यक्रम केले. मराठी चित्रपटांतही त्या अधूनमधून दिसल्या. तमाशाप्रधान चित्रपटांची लाट तेव्हा जोरात होती. पडद्यावर तमासगिरिणीची व्यथा साकारून नामवंत अभिनेत्री लोकप्रिय होत होत्या. खऱ्या तमासगिरिणीला त्या लाटेचा लाभ झाला तो एवढाच, की चित्रपटातील गाणी फडावर म्हणण्याची फर्माईश वाढली. जुन्या शाहिरांच्या लावणीला मागणी घटली. हा व्यवहार एकतर्फी होता, असे नोंदवणे भाग आहे.

१९९० मध्ये पुन्हा राष्ट्रपतींकडून सन्मान झाला. त्या वेळी विठाबाईंचे वय पंचावन्न होते. नाचणाऱ्या बाईच्या आयुष्यात हा आकडा फार मोठा. दोन राष्ट्रपती सन्मानांच्या मध्ये तेहतीस वर्षे आहेत आणि या तेहतीस वर्षांत तमाशाच्या सभोवतीचे जग बदलून गेले. गावोगावी चित्रपटाचे फिरते तंबू आले, मग दूरचित्रवाणी, मग व्हिडिओ. प्रेक्षकाला रात्रभर वग पाहण्याचा दम राहिला नाही. फडांनी ऑर्केस्ट्रा, रंगीत दिवे आणि हिंदी गाण्यांचा आसरा घेतला. गाड्या वाढल्या, खर्च वाढला, कर्जही वाढले. मुलेबाळे फडावरच वाढली आणि फडावरच उभी राहिली. कन्या मंगला बनसोडे यांनी आईच्या तालमीत तयार होऊन पुढे करवडीकर या नावाने स्वतंत्र फड काढला आणि आईच्या तोडीचा लौकिक मिळवला. एका घराण्यातून अनेक फड निघणे ही तमाशात भरभराटीची खूण मानतात. घरातील थोरल्या बाईकडे मात्र त्यामुळे गर्दी कमी होत जाते. नाव मोठे राहते, सुपारी धाकट्यांकडे वळते.

अखेरचा काळ हलाखीचा होता. ज्या बाईने आयुष्यभर हंगामाला शंभर माणसे पोसली, तिच्या म्हातारपणासाठी शिल्लक उरली नाही. हे एकट्या विठाबाईंचे नशीब नव्हते. पठ्ठे बापूरावांचा शेवट विपन्नावस्थेत झाला, पवळाबाईंचाही. फडाचा पैसा रात्री येतो आणि सकाळी वाटला जातो. भविष्यनिर्वाह निधी, विमा, निवृत्तिवेतन हे शब्द कनातीत फार उशिरा पोहोचले आणि पोहोचले तेही अपुरे. वृद्ध कलावंतांना शासनाचे तुटपुंजे मानधन मिळे. दौलतजादा करणारे हात शेकडो होते, परंतु दौलतजादा नाचणाऱ्या पायांवर होते, थकलेल्या पायांवर होत नाही. विठाबाई आजारी पडल्या तेव्हा औषधोपचाराचा खर्च घरच्यांना पेलेना आणि रुग्णालयाचे देणे लोकांनी दिलेल्या मदतीतून भागवावे लागले. १५ जानेवारी २००२ रोजी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. वय सहासष्ट. तमाशाचा हंगाम ऐन भरात होता. त्या रात्रीही कोठे ना कोठे एखाद्या नारायणगावकरांच्या फडाची ढोलकी वाजत असणार.

चार वर्षांनी, २००६ मध्ये, राज्य शासनाने तमाशा क्षेत्रात दीर्घकाळ सेवा करणाऱ्या कलावंतासाठी त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ५ लाख रुपये रोख, मानपत्र आणि मानचिन्ह असे त्याचे स्वरूप बरीच वर्षे होते. ज्यांच्या रुग्णालयाच्या देण्यासाठी वर्गणी गोळा करावी लागली, त्यांच्या नावाने शासन लाखाचे धनादेश देऊ लागले. या विसंगतीवर हसावे की रडावे, हा प्रश्न तमाशावाल्यांनी फारसा ताणला नाही. पुरस्कार मिळणाऱ्याच्या घरी त्या पैशाने औषधे आली आणि सावकार काही काळ गप्प बसला. कांताबाई सातारकर, गुलाबबाई संगमनेरकर अशा मातब्बर कलावतींना तो मिळाला. मंगला बनसोडे यांनाही मिळाला. आईच्या नावाचा पुरस्कार लेकीने घ्यावा, असे भाग्य शास्त्रीय संगीताच्या घराण्यांतही क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल.

तमाशाच्या जमाखर्चात त्यानंतरही मोठा फरक पडला नाही, हे दाखवून देणारा एक पाडवा अलीकडे येऊन गेला. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. नारायणगावच्या राहुट्यांमधील तारखांच्या वह्या मिटल्या. जत्रा रद्द झाल्या, इसार परत मागितले गेले, पावसाळ्यापूर्वी उचल घेतलेल्या कलावंतांकडे फेडायला रात्रीच उरल्या नाहीत. पुढच्या वर्षीचा चैत्रही निर्बंधांत गेला. मे २०२१ मध्ये कांताबाई सातारकर करोनाने गेल्या. दोन हंगाम बुडाल्यावर काही कलावंत शेतमजुरीला गेले, काहींनी भाजीची गाडी लावली.

निर्बंध उठल्यावर राहुट्या पुन्हा उभ्या राहिल्या. पाडव्याच्या आसपास नारायणगावातून जाणाऱ्या प्रवाशाला त्या रस्त्यावरूनच दिसतात. फलकांवर नव्या नायिकांची चित्रे असतात, अनेक फलकांवर विठाबाईंचे जुने छायाचित्र कोपऱ्यात असते, घरच्या देवाचे असावे तसे. पिंपळवंडी, आळे, बेल्हे, ओतूर अशा गावांचे पंच चहाचे कप हातात घेऊन व्यवस्थापकाशी घासाघीस करीत असतात. एखादी गरोदर नायिका यंदा उभी राहणार का, हेही ते विचारतात. पूर्वी ते विचारायची पद्धत नव्हती.